जाधवांची डबलरोटीची गाडी

जाधवांच्या गाडीचा विषय निघाला की आम्हा मित्रांचा चहा हमखास गार होतो. एक किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला तिसरा आठवतो.

जाधव मूळचे साताऱ्याचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि जयपुरातच, मानसरोवरला राहिले. बनी पार्कातल्या एका गेस्ट हाऊसमागे त्यांना पाव पोचवणारी जुनी गाडी दिसली. पुढे दोन सीट, मागे बिनखिडक्यांचा डबा. मालक विकायला तयार होता, पण ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती.

"बच्चे निकल जाएँ, फिर ले जाइए."

जाधव तीन आठवडे रोज कोंबडीची चौकशी करून आले. वहिनी म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या."

*

गॅरेजवाल्या रफीक उस्तादांनी गाडी खाली घेऊन बसकी केली, आत दणकट इंजिन घातलं. रंग खरवडताना पावाच्या जाहिरातीखाली सोडा निघाला, सोड्याखाली साबण. जाधव म्हणाले, "और घिसो, पहला मालिक कौन था, पता तो चले."

उस्तादांनी हत्यार खाली ठेवलं. "सूबेदार साहब, इसके नीचे बस सड़क है."

*

मग नव्या रंगात जाधवांनी 'ताज़ी डबलरोटी' एवढंच पुन्हा लिहून घेतलं. सिग्नलला लोक काच ठोठावून पाव मागायचे. नाही म्हणायचं जिवावर येई, म्हणून ते चार पाकिटं जवळ ठेवू लागले. एकदा एक बाई म्हणाली, "भैया, कल वाली बासी थी." जाधवांनी चक्क माफी मागितली.

*

व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत इंजिन नवं म्हणून गाडीला घेतलं नाही. सीतापुऱ्यात मॉडिफाइड गाड्यांचा शो होता, तिथली पोरं म्हणाली, "अंकल, ये तो बहुत पुरानी है."

"म्हणजे माझंच झालं," जाधव म्हणाले. "कामाला म्हातारा आणि पेन्शनरांत पोरगा."

*

आमच्या मंडळाचा दीड दिवसाचा गणपती दरवर्षी जाधवांच्या हॉलमध्ये बसतो. गेल्या वर्षी मूर्ती या गाडीतून आणली आणि दारात पोचल्यावर मागचं दार अडकलं. उस्तादही हरले. आतून जायचं तर सीटमागे लोखंडी जाळी. शेवटी गाडीलाच तोरण बांधलं. लोक रांगेने ड्रायव्हरच्या सीटवर बसत, मागे वळून जाळीतून दर्शन घेत आणि उतरताना घंटा म्हणून हॉर्न वाजवत.

विसर्जनाला सगळे पहार शोधत होते. वहिनी आल्या, दार तळव्याने जरा वर उचललं आणि ओढलं. उघडलं.

"तुला जमत होतं?" जाधव म्हणाले. "मग काल का नाही?"

"काल कुणी विचारलं?" म्हणत वहिनी स्वच्छ, रिकाम्या हॉलमध्ये गेल्या आणि सोफ्यावर पाय पसरून बसल्या.