फाडलेली चार पानं

बाईंची वही सतरा वर्षं माझ्याकडे आहे. ती मी परत केली नाही आणि तिचं जे करायचं कबूल केलं होतं तेही केलं नाही.

बाई पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये अभिनयाचा वर्ग घ्यायच्या. तरुणपणी त्या दोन वर्षं न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या नाट्यशाळेत शिकल्या होत्या. ती शाळा काढणारी म्हातारी नटी यिडिश रंगभूमीवर वाढलेली. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातून तिथे गेलेल्या ज्यू लोकांची घरातली भाषा. बाई सांगायच्या, "तिचे प्रेक्षक यिडिशमध्ये रडायचे आणि शेजारी बसलेली त्यांची मुलं इंग्रजीत कुजबुजायची. पुढे मुलं यायचीच बंद झाली. मग तिने शाळा काढली, इंग्रजीत. भाषा गेली तरी हात राहतात, म्हणायची."

त्या शाळेचा इतिहास बाईंनी तिच्या तोंडून ऐकून या वहीत इंग्रजीत उतरवून घेतला होता. तो मी मराठीत आणायचा, असं ठरलं. मी त्यांचा लाडका विद्यार्थी होतो. सुई-दोरा नसताना सुई ओवून दाखवायचो. बाई म्हणायच्या, "दोरा ओला केला नाहीस."

मग मला सौदीत, रियाधच्या बँकेत नोकरी लागली. निघताना एका मित्राने घाबरवलं, "तिकडे बॅगा उघडतात. ज्यू-बिज्यू लिहिलेलं सापडलं म्हणजे?" मुंबईच्या विमानतळावर, रांगेत उभ्या उभ्या, मी वहीची पहिली चार पानं फाडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तो शब्द त्याच पानांवर सर्वांत जास्त वेळा आला होता. रियाधला माझी बॅग कुणी उघडलीसुद्धा नाही. शिक्का मारला आणि हातानेच पुढे व्हायची खूण केली.

बाईंना हे कसं सांगणार? त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न, "कुठवर आलं रे?"

"चाललंय, बाई."

सुरुवातच नाही तर सुरू कुठून करू, असं मी स्वतःला समजावत राहिलो. कधी म्हणायचो, इथे नाटकच नाही, हात बसत नाही. आता इथेही नाटकं होतात, घरापासून वीस मिनिटांवर. तेही कारण संपलं. जेवताना मी मुलीला मराठीत काही विचारतो, ती मान वर न करता इंग्रजीत उत्तर देते. तेव्हा मला ती न पाहिलेली नटी आठवते.

गेल्या वर्षी बाईंची नजर गेली. एका शुक्रवारी त्या फोनवर म्हणाल्या, "आता मला वाचता येत नाही. तू वाचून दाखव. पहिल्यापासून."

मी वही न उघडताच वाचायला लागलो. मनानेच एक थंडगार हॉल रचला, एक गल्ली, बर्फ.

"थांब," बाई म्हणाल्या. "एवढं वाचलंस, पान उलटल्याचा आवाज नाही आला."

मग मी सगळं सांगितलं. विमानतळ, रांग, डबा.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "सुईशिवाय ओवायला शिकवलं होतं मी. वहीशिवाय वाचायला नाही."

"वही आहे, बाई. चार पानं नाहीत."

"त्या चार पानांतच तिचा बाप होता रे." मग, "पेन आहे का? लिहून घे. तिचा बाप दिवसा टोप्या शिवायचा. नाटकात राजा व्हायचा तेव्हा बोटांना सुया टोचलेल्या असायच्या, म्हणून हात मागे बांधून उभा राहायचा. लोकांना वाटायचं, काय राजा आहे!"

दोन पानं झाली. मग त्या अडल्या. "पुढे बोटीचं काहीतरी होतं. नाही आठवत."

"राहू द्या, बाई."

"राहू काय द्या? ठेवलंयस कुठे तू राहायला?"

आता दर शुक्रवारी दुपारी मी वाचतो. बाईंचं अक्षर लागलं नाही की मुलगी शेजारी येऊन इंग्रजी वाक्य वाचते, मी ते मराठीत सांगतो. वहीच्या सुरुवातीला मी नवी चार पानं चिकटवली आहेत. दोन लिहिलेली, दोन कोरी. बाईंना दर वेळी पहिल्यापासूनच हवं असतं. कोरी पानं आली की मी बोलत नाही, नुसती सावकाश उलटतो, त्यांना ऐकू जावीत म्हणून.