ओजसचं पहिलं वर्ष

लहान मूल असलं की घरात किस्से आपोआप साचतात. आमच्या मेहरूणच्या घरात ओजसचे ढीगभर आहेत. पण सगळे माझ्या मोठ्या जावेकडे, सुनीताताईंकडे! आई मी, आणि माझ्याकडे एकही नाही. बाळंतपणानंतर मला डिप्रेशन आलं आणि ते वर्ष धुक्यात गेलं; ओजसला त्यांनीच सांभाळलं. ओजस आता सात वर्षांचा आहे.

दोंडाईच्याला एका लग्नात कुणीतरी विचारलं, "ओजस पहिला शब्द काय बोलला गं?"

मी ठोकून दिलं, "आई!"

"छे!" सुनीताताई जिलेबी मोडत म्हणाल्या, "बस! लाल बस बघून ओरडला होता!"

सगळा मांडव हसला. माझी जिलेबी तशीच ताटात राहिली.

*

डॉक्टरांना विचारलं, "माझ्या आठवणी गेल्या कुठे?"

"थकलेल्या मनात त्या नीट साठतच नाहीत."

"मग माझ्या जावेकडेच बऱ्या साठल्या!"

डॉक्टर हसले. "डिप्रेशनवर गोळ्या आहेत. जावेवर अजून निघाल्या नाहीत!"

*

धुळ्याला माहेरी आईने मोबाइलवर त्या वर्षातला एक फोटो दाखवला. मांडीवर ओजस, आणि मी चक्क हसतेय! खूप ताण दिला, काही आठवेना. त्या फोटोतल्या बाईचाही मला हेवा वाटला.

*

सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांना विचारलं, "तुम्हाला तर सगळं आठवतं, ओजस फार रडायचा का हो?"

"माले बठ्ठं याद शे," अक्का म्हणाल्या. "पोऱ्या कमी रडे, तूच जास्ती रडे!"

*

गेल्या महिन्यात ओजसला ताप आला. मी डोक्यावर पट्ट्या ठेवतेय, आणि हा म्हणतो, "मोठ्या आईला बोलव ना!"

उठले ती थेट स्वयंपाकघरात. सुनीताताई बट्ट्यांचं पीठ मळत होत्या.

"जा, बोलावतोय तुम्हाला! त्याचं पहिलं वर्ष घेतलंत, आता उरलेलाही घ्या!"

त्या मळायच्या थांबल्या. मग पिठाच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "एक किस्सा मी कुणालाच सांगितला नाही. तो माझ्याकडे झोपायचाच नाही गं. कितीही थोपटा, कितीही फिरवा. शेवटी तुझा न धुतलेला गाऊन अंगात घालायचे, तेव्हा कुठे डोळे मिटायचा. इतकी जळायचे ना मी तुझ्यावर!"