गडवाभर पाणी

शेजारचे बाबूजी कालव्याच्या ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी घरी आले की नुसत्या बनियनवर टीव्हीसमोर बसून लहान पोरांची मालिका बघायचे. तिच्यातला मुलगा रोज कुणाच्या तरी मदतीला धावायचा आणि शेवटी आई त्याला जेवायला वाढायची. ते ताट त्या मुलासमोर येईपर्यंत बाबूजी जागचे हलत नसत.

एकदा मी त्यांना गोंदियाला सुपरहिरोचा सिनेमा दाखवायला नेलं. अख्खं शहर वाचवून हिरो उडून गेला, लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबूजी मात्र परतीच्या बसमध्ये फुगून बसले.

"काऊन जी, आवडला नाही?"

"कायचा आवडते! एवढं शहर वाचवलन त्यानं, अन् एकानंही पाणी विचारलं नाही त्याले. बेकार लोक! आपली मालिकाच बरी."

"सुपरहिरोला तहान लागत नाही, बाबूजी."

"तू विचारलं का त्याले?"

त्याच उन्हाळ्यात वादळाने गल्लीतली लाइट गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइनमन खांबावर चढला. लाइट येताच गल्लीभर एकच ओरडा झाला आणि सगळे आपापल्या टीव्हीकडे पळाले. बाबूजींच्या मालिकेचीच वेळ होती, म्हणून मी खिडकीतून हाक मारली, "बाबूजी, सुरू झाली जी!"

ते खांबाखाली उभे होते. एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात पोह्यांची प्लेट, आणि नजर वर.

"तू पाहून घे," ते म्हणाले. "माझावाला आता उतरून राहिला."