आधी ओळख देणार नाही

लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाने पन्नाशीनंतर लेखणी हाती घ्यावी, हे मला स्वतःलाच शोभत नाही असे वाटते. भरलेल्या पंगतीत न बोलावता येऊन शेवटच्या पानावर बसावे, तसा संकोच मनात आहे. तरी बसते आहे, कारण जे घडले त्याबद्दल विचारायला दुसरे कोणी सापडेना. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

महाविद्यालयात बरीच वर्षे समाजशास्त्र शिकवल्यावर मी उशिराच संशोधनाकडे वळले. नशा आणि त्यापायी गुन्हा केलेली माणसे स्वतःला कोण समजतात, हा माझा विषय. त्यात मोजमाप फारसे नसते. माणसासमोर बसायचे, त्याच्या संमतीने रेकॉर्डर सुरू करायचा आणि तो सांगेल ते, सांगेल त्या क्रमाने ऐकायचे. पहिल्याच भेटीत मी प्रत्येकाला एक शब्द देत असे : बाहेर कुठे भेट झाली तर मी आधी ओळख देणार नाही, तुम्ही दिलीत, तरच देईन.

त्यांतला एक जण मला पुणतांब्याच्या घाटावर भेटत असे. तिशीचा, पेरूचा टेम्पो चालवणारा. पूर्वी नशेच्या गोळ्या घेत असे, पुढे विकूही लागला, पकडला गेला, शिक्षा भोगून परतला. भेटीची वेळ दुपारची. गोदावरी अशी निश्चल असे की समोरचे झाड नेमके कुठे संपते आणि पाण्यातले कुठे सुरू होते, ते कळू नये. वर उभ्या असलेल्या टेम्पोतून पिकल्या पेरूंचा वास पायऱ्या उतरून खाली येई. त्या वासात त्याचा संथ आवाज मिसळला की आपण दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेत येऊन बसलो आहोत, असे मला वाटे.

"त्या दिवसांत तुम्ही स्वतःला कोण समजत होता?" मी विचारले होते.

"मी न्हवतोच, मॅडम. माझ्यात भाडेकरू राहायचा. भाडं न्हाई, काय न्हाई. वर त्याला च्या मीच पाजायचो."

मला हसू आले आणि हसले म्हणून मी ओशाळले.

"हसा की," तो म्हणाला. "आमची म्हातारी लई रडली. कुनीतरी हसाया पायजेच."

घरी आल्यावर बोलणे उतरवून घेण्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा लावत असे. उतरवून झाले तरी बंद करावेसे वाटत नसे. पडद्याआडच्या उन्हात तो आवाज खोलीभर तरंगत राही आणि गॅसवरचे दूध उतू गेलेले मला कळत नसे.

धाकट्या बहिणीचे घर सोनईला आहे. काल रविवारी तिच्या मुलीला पाहायला मंडळी येणार, म्हणून मी गेले होते. भाची पतपेढीत नोकरी करते. राहात्याकडचे स्थळ आहे, इतकेच मला ठाऊक होते. मध्यस्थ आले, मुलाची आई आली आणि तिच्यामागून तो, घाटावरचा. त्याने मला पाहिले. त्याची नजर माझ्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. दिलेल्या शब्दाप्रमाणे मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर दोरीवर एक पांढरे धोतर हळूहळू फुगत होते, मिटत होते. आपण या खोलीत नाहीच, असे काही क्षण वाटले.

पोहे आले. भाचीच्या काकांनी विचारले, "मुलाला काही नाद-बिद?"

"छ्या! निर्व्यसनी पोरगं," मध्यस्थ म्हणाले. "सुपारीला शिवत न्हाई. च्या पितो, त्योच काय तो गुन्हा."

सगळे हसले. त्याने बशी खाली ठेवली.

"मॅडम, वळख द्या की आता."

आणि घाटावरच्याच त्या संथ आवाजात त्याने गोळ्यांपासून तुरुंगापर्यंत आणि तिथून घाटावरच्या आमच्या भेटींपर्यंतचे सारे स्वतःच सांगून टाकले. अखेर त्याची आई पदर सावरत म्हणाली, "ह्याला आजच तोंड फुटायचं हुतं! लोकांना पोहे तरी खाऊ द्यायचे."

काका माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही ओळखता याला?"

"ओळखते."

"मग त्या नादातून सुटलाय का, तेवढं सांगून टाका. तुमचा तर अभ्यास आहे."

आमच्या घरात माझा अभ्यास म्हणजे रक्ततपासणी. नमुना दिला की रिपोर्ट मिळणार. मी म्हटले, "माझ्या अभ्यासातून ते कळत नाही."

"मग एवढे दिवस काय, घाटावर गप्पाच मारल्या?"

"हो," मी म्हणाले. दुसरे खरे उत्तर मला सुचले नाही.

निघताना तो उंबऱ्याशी थांबला आणि सर्वांदेखत भाचीला म्हणाला, "माझं समदं बोलनं मॅडमकडं हाय. ऐकायचं असंल तर ऐका. माझी ना न्हाई. मग काय ते कळवा."

आज सकाळी भाची माझ्याबरोबर नगरला माझ्या घरी आली. बसमध्ये तिने आधी दोघींची तिकिटे काढली. मग म्हणाली, "मावशी, मला आवडला तो. नसता बोलला तर पोह्यांबरोबर सगळं पचलं असतं. पण आवडणं निराळं. उद्या बाबा निरोप पाठवणार आहेत. मला ऐकव."

आज दुपारपासून मी ऐकवते आहे. भाडेकरूपाशी तीही हसली. आता एकच भाग उरला आहे. त्यात तो म्हणतो, "एक खरं सांगू? त्ये सुख खोटं न्हवतं. गोळी चढली की समदा गाव पाण्याखाली गेल्यावानी दिसायचा. देवळाची घंटा बी पाण्यातनं यायची. आता घेत न्हाई मी. पन टेम्पोत डोळा लागला की अजून दिसतं. उठूच वाटत न्हाई."

'ऐकायचं असंल तर ऐका' असे तो म्हणाला खरा. पण हे वाक्य त्याला आठवत असेल का? आपल्या घरादाराशी जिचा कधी संबंध येणार नाही, अशा एका परक्या बाईला त्याने ते सांगितले होते. ते वगळले तर माझ्या भाचीला त्याच्यापेक्षा सोपा माणूस ऐकू येईल. ऐकवले, तर त्याच्या तोंडून निघालेले सर्वांत प्रामाणिक बोलणेच कदाचित त्याचे लग्न मोडील. त्या वाक्यात धोका आहे की धोका ओळखल्याची खूण आहे, हे इतक्या वेळा ऐकूनही मला ठरवता आलेले नाही.

भाची चहा करायला आत गेली आहे. कपांचा आवाज येतो आहे. ती बाहेर आल्यावर, माझ्या जागी तुम्ही असता, तर पुढचे ऐकवले असते का?