सगळं समजणाऱ्या माणसाची तक्रार

मला सगळं समजतं, हा माझा जुना आजार आहे. आयर्लंडला आल्यावर तो बळावला. मी मलिंगारला आलो तेव्हा गावात दुसरं मराठी माणूस नव्हतं, आणि नंतर जे आले त्यांना मी दोन वर्षांनी सीनियर झालो. एवढ्याशा गावात दोन वर्षांची सीनियॉरिटी म्हणजे काय चीज असते, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. घरभाड्याचा करार, गाडीचा विमा, व्हिसाचा शिक्का, कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, काहीही असो, लोक मलाच फोन करत. मी ऐकून घेई, जरा थांबे (थांबल्यानं वजन वाढतं) आणि म्हणे, "इथं अशीच पद्धत आहे." या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली. पद्धत खरोखर तशी आहे का, हे तपासायची वेळ फारशी आली नाही, कारण मी इतकं ठासून सांगायचो की समोरचा पुन्हा विचारायला धजत नसे.

तर काही वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी बायको कामावरून आली आणि पर्स टेबलावर टाकता टाकता म्हणाली, "आपण गाडीसाठी लोन घेतलं होतं ना, त्याच्यावर ते पेमेंट प्रोटेक्शन होतं का रे?"

ती गावातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. तिच्या तिथल्या सोबतिणीला कर्ज देणाऱ्या कंपनीकडून पैसे परत मिळाले होते. नोकरी गेली किंवा माणूस आजारी पडला, तर कर्जाचे हप्ते हा विमा भरणार, अशी ती योजना. ऐकायला चांगली. पण कंपन्यांनी ती दिसेल त्याच्या गळ्यात मारली होती, ज्यांना तिचा काडीचाही उपयोग होणार नव्हता त्यांच्यासुद्धा. आता त्याच कंपन्यांना जुनी प्रकरणं उकरून लोकांचे पैसे परत करायला लावलं होतं.

"शक्यच नाही," मी म्हणालो. "असल्या गोष्टीत मी फसत नाही."

वरच्या प्रेसमधून तिनं फाइल काढली. कपाटाला इथं प्रेस म्हणतात, हे गावातल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला मीच सांगितलेलं आहे. चौथ्या पानावर विमा होता आणि त्याच्याखाली माझी सही होती. माझी सही फार सुंदर आहे.

पुढे आणखी मजा होती. तेव्हा मी वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर होतो, आणि बारीक अक्षरात सरळ लिहिलं होतं की कॉन्ट्रॅक्ट संपून नोकरी गेली तर विमा एक दमडीही देणार नाही. म्हणजे मी छत्री विकत घेतली होती, फक्त ती पावसात उघडणारी नव्हती. आणि तिचे पैसे मी हप्त्याहप्त्यानं, एकही न चुकवता, भरले होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं चार ओळींची तक्रार लिहिली असती. मी तीन पानं लिहिली. पुण्याच्या शाळेत पत्रलेखनात मला कायम पैकीच्या पैकी असत, आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी विम्याची मूलतत्त्वं सांगितली. एकरकमी प्रीमियम कर्जात मिसळला की त्याच्यावरही व्याज कसं चढतं, ते त्या लोकांना, ज्यांचा तो धंदाच होता, समजावून दिलं. 'नॉटविथस्टँडिंग' हा शब्द दोनदा वापरला. शेवटी एक तक्ता जोडला. बायको पोळ्या लाटत होती, तिला सगळं खड्या आवाजात वाचून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण यात तू फसलास असं कुठं लिहिलंय?"

"ते त्यांना आपोआप कळतं," मी म्हणालो.

महिन्याभरानं उत्तर आलं. आपल्या पत्रावरून आपल्याला विमा व अर्थव्यवहार यांची उत्तम जाण असल्याचं दिसतं. असा ग्राहक पर्याय समजून न घेता सही करील असं मानायला जागा नाही. सबब आपली तक्रार मान्य करता येत नाही. खोटं कशाला सांगू, पहिलं वाक्य वाचून मला बरं वाटलं. ते मी दोनदा वाचलं. मग पुढचं वाचलं आणि माझ्याच अकलेनं मी तोंडघशी पडलोय, हे ध्यानात आलं.

बायकोनं मला गावातल्या फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात पिटाळलं. तिथं आठवड्यातून दोन दिवस एक आयरिश आजीबाई बसत, निवृत्त शाळामास्तरीण, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी माझी तीन पानं सावकाश वाचली, तक्त्यासकट.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अरे बाबा, तुला पैसे परत नकोयत. तुला या लोकांकडे नोकरी हवीय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फेरविचाराचा अर्ज करता येतो. तिथं नाही जमलं तर पुढे असल्या तक्रारी ऐकणारा सरकारी लोकपाल आहे. पण आता हुशारी नको. त्या दिवशी त्या खोलीत काय झालं तेवढंच लिही. कोण काय म्हणालं, तू काय म्हणालास. सोबत कुणी होतं?"

"बायको होती."

"मग तर ग्रँड! तिचीही सही घे, खाली साक्षीदार म्हणून."

'छान', 'ठीक' या सगळ्याला इथं ग्रँड म्हणतात, पण हे काही ग्रँड नव्हतं. त्या खोलीत काय झालं ते मला नीट आठवत होतं, आणि नेमकं तेच लिहायचं नव्हतं.

बायकोला नागपूरहून येऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. कर्जाच्या ऑफिसात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. समोरची बाई हसतमुख, आणि बोलायला आगगाडी. एकेक पान उलटत होती आणि पेन्सिलीनं फुली मारून सही कुठं करायची ते दाखवत होती. ती जे बोलत होती त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं. पुन्हा सांगा म्हणणं म्हणजे समजलं नाही हे कबूल करणं, आणि तेही तीन आठवड्यांच्या बायकोसमोर, जिला मी फोनवर सहा महिने सांगत आलो होतो की इथलं सगळं आता माझ्या हातचं आहे. चौथ्या पानावर बायकोनं हळूच मराठीत विचारलं, "हे इन्शुरन्स घ्यायलाच लागतं का?"

ती बाई थांबली. पेन्सिल हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. तेवढाच प्रश्न इंग्रजीत विचारायचा होता, चार शब्दांत झाला असता. मी बायकोला म्हणालो, "घ्यायलाच लागतं. इथं अशीच पद्धत आहे." त्या बाईला म्हणालो, "ऑल ग्रँड." आणि माझी ती सुंदर सही ठोकली.

आता हे लिहायचं कसं? एक सोपी वाट होती. त्या बाईनंच विमा सक्तीचा आहे असं सांगितलं, एवढं लिहिलं की काम फत्ते. कुणी ते खोडून काढायला येणार नव्हतं. पण खाली बायकोची सही लागणार होती आणि बायको तिथं होती. खरं लिहिलं तर तिला कळणार होतं की तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. पैशांचं मला तितकं नव्हतं. तिच्या लेखी मी माहितगार माणूस होतो, निदान असा माझा समज होता, आणि तो मला सोडवत नव्हता. आठवडाभर मी तो अर्ज उघडला आणि मिटला.

अखेर रविवारी सकाळी सात ओळी लिहिल्या. बायकोनं विचारलं, हे घ्यावंच लागतं का. मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं. मी त्या बाईंना विचारलं नाही, कारण मला लाज वाटली. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. एवढंच. कॉलेजात असलं इंग्रजी लिहिलं असतं तर सरांनी वही फेकली असती. बायको चहा पिता पिता उभ्यानं ते वाचत होती आणि माझे कान तापले होते. तिनं वाचलं, पेन मागितलं, सही केली आणि आंघोळीला गेली. स्वस्तात सुटलो, असं मला वाटलं.

दीड महिन्यानं पत्र आलं. तक्रार मान्य. ग्राहकाला विमा ऐच्छिक असल्याचं सांगायला हवं होतं, शिवाय तो कॉन्ट्रॅक्टवर असल्याचं अर्जात दिसत होतं, वगैरे. पैसे व्याजासकट परत. तीन पानांच्या विद्वत्तेला जे जमलं नाही ते सात ओळींच्या कबुलीनं केलं. मला इतका आनंद झाला की मी स्वतः शिरा केला, आणि जिंकल्याच्या भरात आजीबाईंच्या नोकरीच्या टोमण्याची नक्कल करून दाखवली. बायको हसली. वाटीतला शिरा संपवला. चमचा वाटीत ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"लोनच्या वेळी तुला माहीत नव्हतं, तरी घ्यायलाच लागतं म्हणालास. मग माझ्या डिग्रीचं? इथं ती चालत नाही, सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, असं तू मला सांगितलं होतंस. ते कुणाला विचारलं होतंस?"

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. नागपूरला चार वर्षं एका हॉस्पिटलात ती ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवत होती. इथं ज्या दवाखान्यात ती फोन घेते, तिथं दोन फिजिओ आहेत आणि त्यांच्या अपॉइंटमेंट ती लिहून ठेवते. आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात एकदा तिनं आपली सर्टिफिकेटं पलंगावर पसरून मला विचारलं होतं, हे आठवतं. मी लॅपटॉपवर काहीतरी करत होतो. मान वर न करता मी तिला उत्तर दिलं होतं. ठामपणे. मग ती सर्टिफिकेटं पुन्हा बॅगेत गेली आणि आम्ही त्याबद्दल परत कधी बोललो नाही.

मी बराच वेळ आठवून पाहिलं. कुणीतरी सांगितलं असेल, कुठंतरी वाचलं असेल. काही सापडलं नाही.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"मग सांगितलं काहून?"

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं दोन्ही वाट्या उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवल्या, आणि मला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी शरम वाटली. कंपनीनं मला जे विकलं त्याचे पैसे तिनं व्याजासकट परत केले. मी बायकोला जे विकलं होतं त्यात तिची वर्षं गेली होती, आणि ती परत करायची सोय नव्हती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं इथल्या फिजिओंची नोंदणी करणाऱ्या ऑफिसला स्वतः फोन लावला. संध्याकाळी घरी आली, कोटही काढला नाही. म्हणाली, "अर्ज करता येतो. काही महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करावं लागेल, एवढंच. तेव्हाही करता आला असता."

मग खुर्चीवर चढून तिनं प्रेसच्या वरची ती बॅग खाली ओढली. मी लगबगीनं उठलो. म्हणालो, "दे, फॉर्म मी बघतो. इथल्या फॉर्मचं कसं असतं—"

"तू बस," ती म्हणाली. "माझं मी विचारते."