कमी बसवून जास्त भाडे

आमच्या मामाजींइतका वेळेचा भाव जाणणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि तो भाव त्यांच्याइतका उलटा लावणारा तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कोहमाऱ्याच्या चौफुलीवर, ढाब्यांच्या रांगेत त्यांचे बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज आणि पराती भाड्याने देण्यात त्यांचा जन्म गेला. सडक अर्जुनीपासून चिचगडपर्यंत कुणाचे लग्न असो, नामकरण असो की गेलेल्या माणसाचे पुण्यानुमोदन, लोक बसतात ते मामाजींच्या सतरंजीवर. या धंद्याने त्यांना एकच सिद्धांत शिकवला. वस्तू जास्त वेळ ठेवाल तर जास्त पैसे, कमी वेळ ठेवाल तर कमी. इथवर कुणाचे काही म्हणणे असायचे कारण नाही. पण दुकानाचे शटर ओढताना मामाजी सिद्धांत आत ठेवत नाहीत. तो त्यांच्याबरोबर घरी येतो, पाहुण्यांकडे जातो, दवाखान्यात जातो, आणि तिथे पंचाईत होते.

एकदा गोंदियाच्या एका मोठ्या डॉक्टरने त्यांना दोन मिनिटांत तपासून चिठ्ठी हातात दिली. मामाजी उठेनात. डॉक्टरने विचारले, आणखी काही होते का? मामाजी म्हणाले, तसे काही नाही, पण फीच्या मानाने बसणे फार थोडे झाले. मग त्यांनी डॉक्टरची मुले कितवीत आहेत, आई कुठे असते, घरी तांदूळ कुठला शिजतो, सगळे निवांत विचारून घेतले आणि मगच खुर्ची सोडली. बाहेर मी आणि पंधरा रोगी ताटकळत होतो. न्हाव्याचेही तेच. झटपट हात चालवणारा न्हावी त्यांच्या मते लबाड, आणि एका हजामतीत अर्धी दुपार घालवणारा तो खरा कारागीर. सिनेमा वाईट असला तरी चालतो, लांब पाहिजे. माझ्या एका भाषणाला ते आले होते. मला बोलायला दहाच मिनिटे दिली म्हणून ते आयोजकांवर इतके चिडले की माझे भाषण कसे झाले हे सांगायचे त्यांना शेवटपर्यंत सुचले नाही.

दुसरी खोड खुर्चीची. कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती आपल्या दुकानातून पळवलेली तर नाही ना, हे उलटी करून खालच्या शिक्क्यावर बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्या साखरपुड्यात माझे वडील ज्या खुर्चीत बसणार होते ती त्यांनी ऐनवेळी हिसकून उलटी केली, आणि वडील खाली पडता पडता वाचले. तो आमच्या दोन घरांमधला पहिला परिचय. वडील पुढे कित्येक वर्षे मामाजी दिसले की दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसत. पण माणूस असा लोभस की त्यांच्यावर रागावणे कुणाला साधत नाही. गरिबाघरचे कार्य असेल तर ते भाडे सांगायचेच विसरतात, आणि कुणी आठवण दिली तर कानाला हात लावून ऐकू न आल्याचे सोंग करतात.

अशा माणसाला एकुलती एक मुलगी. हुशार, दिल्लीत मोठ्या कंपनीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिने तिथेच, तिच्यासोबत काम करणाऱ्या एका सालस मुलाशी नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केले आणि संध्याकाळी फोनवर सांगितले, गावी यायला सुट्टीच मिळाली नाही म्हणून. मुलाबद्दल मामाजींची काडीची तक्रार नव्हती. "चांगलं झालं," एवढे म्हणून त्यांनी फोन मामीजींच्या हातात दिला. पण त्यानंतर पोरीचा फोन आला की त्यांना गोदामात काहीतरी काम आठवायचे. साऱ्या तालुक्याच्या पोरींचे मांडव उभारलेल्या माणसाच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नात एक बांबूही रोवला गेला नाही, हे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आम्हाला ते दिसायचे. 

गेल्या हिवाळ्यात मला कामानिमित्त दिल्लीला जायचे होते. पोरीने ती संधी साधली. माझ्याच विमानाचे तिकीट तिने बापासाठी पाठवले आणि मला फोन करून म्हणाली, भाऊजी, त्यांना उचलून आणा. मामाजी आधी नाही म्हणाले, मग रेल्वेने येतो म्हणाले, आणि शेवटी मामीजींनी दोन दिवस चूल आणि तोंड दोन्ही बंद ठेवल्यावर तयार झाले. आता प्रश्न उरला विमानतळावरून शहरात कसे जायचे याचा. त्यावर बिछायत केंद्रात सभा भरली. शेजारच्या ढाबेवाल्याचे मत पडले की टॅक्सी करावी. फोनवर पोरीने समजावले की टॅक्सी महाग, शिवाय रस्ता तुंबला तर दीड तास जातो. विमानतळाखालूनच एक जलद गाडी सुटते. तिचे भाडे शहरातल्या साध्या मेट्रोपेक्षा जास्त असले तरी टॅक्सीच्या पाव हिश्शात काम होते आणि वीस मिनिटांत माणूस शहरात. तिच्या ऑफिसजवळच शेवटचे स्टेशन आहे, ती तिथे फलाटावरच उभी राहील.

मामाजींनी लांबूनच हे ऐकले आणि त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. विमान महाग आहे, ते त्यांनी मान्य केले, कारण ते उडते. "पण जमिनीवरच्या गाडीनं जास्ती पैसे कायले घ्यावे? साधी गाडी घंटाभर बसवते, थे स्वस्त. अन् ही वीस मिनिटांत उठवते, थे महाग. आपण कमी बसून राहिलो, त्याहीची सीट कमी घासून राहिली, तर भाडं कमी पाहिजे का नाही?" ढाबेवाल्याला हे तंतोतंत पटले. मी वेगाचे, सोयीचे, वाचलेल्या वेळेचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा मामाजींनी वाचलेला वेळ मी कुठे जमा करतो असे विचारले. 

नागपूरच्या विमानतळावर त्यांनी अर्थातच पहिली खुर्ची उलटी करायचा प्रयत्न केला. ती जमिनीला पक्की ठोकलेली निघाली. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांत खुर्च्या चोरीला जातात हे पाहून त्यांना वाईट वाटले. विमानात मात्र ते खिडकीची जागा मिळूनही बाहेर बघत नव्हते. मला वाटले, भीती असेल. दिल्लीला उतरून आम्ही जिने उतरत जलद गाडीच्या तिकीट खिडकीशी आलो, तेव्हा मी पाकीट काढायच्या आत ते पुढे झाले आणि आमच्या गोंदियाच्या हिंदीत आतल्या माणसाला म्हणाले, "भैया, इससे धीरे जाने वाली नहीं है क्या? भाड़ा ज्यादा ले लो, चलेगा." इतकी वर्षे नोकरी करून त्या माणसाला असे गिऱ्हाईक भेटले नसावे. त्याने माझ्याकडे बघितले, मी छताकडे बघितले, आणि आम्हाला जलद गाडीचीच तिकिटे मिळाली.

गाडी सुटली. डबा चकचकीत, निम्मा रिकामा, सामान ठेवायला वेगळी जागा. मामीजींनी दिलेली चिन्नोर तांदळाची पिशवी मी तिथे ठेवून आलो. मामाजी गुडघ्यांवर हात ठेवून, अंग चोरून बसले होते. धीम्या गाडीचा हट्ट का केलात, म्हणून मी जरा त्रासिकपणेच विचारले. ते म्हणाले, "जवाईबापू, पोरगी समोर आली की बोलाचं काय, हे अजून ठरलंच नाही." मग बोटांवर मोजत म्हणाले, "रेल्वेनं आलो असतो तर भोपाळपर्यंत राग काढला असता, झाशीपर्यंत रडून घेतलं असतं, अन् आग्र्यापासून हसाले लागलो असतो. या उडत्या इमानानं सारं खाल्लं. आता वीस मिनिटांत काय काय करू?"

माझा वैताग जागच्या जागी विरला. मी आपला सुचवू लागलो. कशी आहेस विचारा. ते तर फोनवरही विचारतात, ते म्हणाले. वाळलीस म्हणा. न पाहताच कसे म्हणू, ते म्हणाले. एरवी डॉक्टरला उठू न देणारा माणूस शब्द शोधत होता आणि बोगद्यातली गाडी त्याला क्षणाचीही उसंत देत नव्हती. जलद गाडीचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

शेवटचे स्टेशन आले. दार उघडले, आणि बरोबर समोर पोरगी उभी, गळ्यात ऑफिसचे कार्ड, डोळे काठोकाठ भरलेले. मी सामान घेऊन उतरलो. मामाजी उतरलेच नाहीत. तसेच बसून तिच्याकडे बघत राहिले. डबा रिकामा झाला, परत विमानतळाकडे जाणारी माणसे चढू लागली. पोरीने एकदा बापाकडे पाहिले, आत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. दार बंद झाले, आणि बापलेक दोघेही जिथून आलो त्याच दिशेने निघून गेले. मी फलाटावर तांदूळ सांभाळत उभा.

पाऊण तासाने ते परत आले. मी पिशव्या उचलल्या. काचेतून दिसले की पोरगी एकाच वेळी रडत आणि हसत होती आणि मामाजी हातवारे करून काहीतरी सांगत होते. मला बघून त्यांनी हाताने 'थांबा' अशी खूण केली, आणि गाडी त्यांना घेऊन पुन्हा गेली. पहारेकरी येऊन माझी विचारपूस करून गेला. मी त्याला सांगितले की नातेवाईक येत आहेत. तो म्हणाला, कुठून? मी म्हटले, विमानतळावरूनच, पण त्यांचे अजून येऊन व्हायचे आहे.

त्या फेरीनंतर मात्र दोघे उतरले. बाहेर पडायच्या फाटकाने मामाजींना आणि मागोमाग आम्हा दोघांनाही अडवले. बाजूच्या कर्मचाऱ्याने यंत्रात पाहून सांगितले की तुम्ही फार जास्त वेळ आत राहिलात, जादा पैसे भरावे लागतील. पोरगी ओशाळली. मामाजींचा चेहरा मात्र असा फुलला की जणू भर दिल्लीत त्यांना गाववाला भेटला. "बराबर आहे," ते म्हणाले, "जास्ती बसलो, जास्ती देऊ." पैसे भरून त्यांनी त्या कर्मचाऱ्याचा हात हातात घेतला आणि त्याला कोहमाऱ्याला येण्याचे निमंत्रण दिले. तेव्हापासून जगातल्या साऱ्या वाहनांत मामाजींच्या मते ही एकच गाडी इमानदार आहे. देवरीहून रायपूरला जाणाऱ्या माणसालाही ते तीच गाडी सुचवतात.

गाडीत काय बोलणे झाले ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. विमानतळ येईपर्यंत दोघे नुसते बसून होते. मग पोरगी म्हणाली, "बाबा, सुट्टी नव्हती हे मी खोटं बोलली. तुमाले माझ्याही लग्नात खुर्च्या उचलताना पाहाचं नव्हतं मले." मामाजी म्हणाले, "वेडी माय, थेच तर कराचं होतं मले."

या उन्हाळ्यात पोरगी आणि जावई चार दिवस कोहमाऱ्याला येऊन गेले. मामाजींनी घरासमोर मांडव टाकला. पांढरेशुभ्र कापड, नव्या गाद्या, पंचशील झेंड्यांच्या माळा. विधी वगैरे काही नव्हता, बुद्धवंदना झाली आणि गाव जेवले. दिवसभर मामाजी कुणालाही हात लावू न देता एकेक खुर्ची स्वतः उचलत होते, आणि पोरगी त्यांतल्याच एका खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. पाचव्या दिवशी ते दोघांना नागपूरच्या विमानतळावर सोडून आले.

त्यानंतर पंधरवड्याने मी सहज कोहमाऱ्याला गेलो. ऐन लग्नसराई, मांडवासाठी गिऱ्हाईक दारात उभे आणि मामाजी त्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगत होते. घरासमोरचा मांडव तसाच होता. खाली कुणी नव्हते. चौफुलीवरून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने कापड तेवढे हलत होते. हा उतरवायचा कधी, मी विचारले.

"उतरवू ना," मामाजी म्हणाले, "पोरगी आत्ताच तर गेली."