फ्रान्सचं फडकं

“मावशी, घरी टांगलेला चक्का म्हणजे लायबिलिटी! यंदा पाडव्याचं श्रीखंड केटररकडूनच येणार. उद्या कुणी आजारी पडलं तर?”

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष अविनाश, रिटायर्ड डॉक्टर, माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पीत मला सुनावत होता. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये मंडळ निघालं तेव्हापासून पाडव्याचं श्रीखंड माझं. ते असं सोडीन मी?

“आजारी पडायचं तर फ्रान्समध्येच पडला असतास!” मी म्हटलं.

मागच्या उन्हाळ्यात मंडळातले आम्ही काही जण फ्रान्समधल्या एका चिमुकल्या गावी गेलो होतो. एक जुनं चर्च, बाकी सगळ्या गाई आणि चीज. पण या शिकलेल्यांचे किस्से एवढे साचले की वर साय धरली!

*

आमचा प्रकाश इंजिनियर. चर्चच्या खांबावर टकटक करून गाइडला म्हणतो, “धिस विल नेव्हर पास इन्स्पेक्शन!”

चर्च शतकानुशतकं उभं आहे. प्रकाशने स्वतः डिझाइन केलेलं घरामागचं लाकडी डेक दुसऱ्याच वर्षी खचलं, बार्बेक्यूसकट!

*

अविनाशची बायको सुनीता कट्टर शाकाहारी. इथे बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घास तोंडात घालत नाही. तिथे मात्र चीजच्या तुकड्यावर तुकडा!

मी शाळा चौथीत सोडली, पण जाण्याआधी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं होतं. म्हटलं, “अगं, यातलं दूध वासराच्या पोटातला रस घालून घट्ट करतात.”

चावणं थांबलं. क्षणभरच!

“मावशी, व्हेकेशनवर असं सांगायचं नसतं हो!”

*

आणि अविनाश! इथे आरती सुरू झाली की हा पार्किंग लॉटमध्ये. “आय डोन्ट बिलीव्ह, मावशी.” तिथल्या चर्चमध्ये टोपी काढली, मेणबत्ती लावली, डोळे मिटून उभा! का रे बाबा? तर म्हणे, “ॲम्बियन्स!”

शेजारीच डेअरी. तिथे एक म्हातारी कच्च्या दुधाचं दही फडक्यात बांधून खुंटीला टांगत होती. अगदी मी टांगते तसंच! अविनाशने त्या गाठोड्याला मिठी मारून फोटो काढला, बोट लावून चाटलं आणि म्हणाला, “वॉव! हेरिटेज!”

*

हे सगळं मी त्याला तोंडावर ऐकवलं.

“ते वेगळं, मावशी,” चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला. “तिथे ट्रॅडिशन आहे.”

त्याच्या शेजारी बसलेली सुनीता, पदर नव्हता म्हणून, स्कार्फ तोंडाला लावून हसू दाबत होती. मी उठले, कपाटातून धुतलेलं फडकं काढलं, झटकलं आणि म्हटलं,

“अविनाश, चक्का मी आत्ताच टांगतेय, तुला ट्रॅडिशन वाटावं म्हणून खाली एक मेणबत्ती लावू का?”